काचेवरच्या तीन ताटल्या

कंपनीचा वजनकाटा वर्षातून एकदाच मुकादमाच्या कपाटातून बाहेर निघायचा. उरलेले दिवस तो एका जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला असायचा, आणि दादाच्या मते तो टॉवेलातूनही सगळं बघायचा.

दादा उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचा. एकोणीस वर्षं झाली होती. गच्चीवरून दोन पोलादी दोरांवर एक लांबट पाळणा खाली सोडायचा, त्यात दोन माणसं, पाण्याचे कॅन, फडकी, आणि पाळणा वरखाली करायला दोन टोकांना दोन मोटारी, असा तो प्रकार. तिसाव्या मजल्याबाहेर कठड्याला रेलून दादा बिनदिक्कत जांभया द्यायचा. घरी आलेले पाहुणे विचारायचे, भीती नाही वाटत? तो म्हणायचा, "मजले वाढले म्हणून कुणी पगार वाढवत नाही. मग मी भीती का वाढवू?"

भीती वाटायची ती काट्याची. नियम असा होता की अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा शंभर किलोपर्यंतच्या माणसासाठी बनवलेला आहे. वर्षातून एकदा वजन व्हायचं. शंभराच्या वर गेलेल्याला पाळण्यातून काढून इमारतीच्या आत पाठवायचे, आतल्या बाजूने काचा पुसायला. बाहेरची माणसं त्या कामाला 'मत्स्यालय' म्हणत. तिथे गेलेला परत बाहेर आलेला कुणी पाहिला नव्हता. शिवाय दादा आत गेला असता तर काडीला दुसरा जोडीदार मिळाला असता, आणि हा विचार दादाला काट्याइतकाच छळायचा.

काडी म्हणजे पाळण्याच्या उजव्या टोकाचा माणूस. वजन अठ्ठावन्न. अकरा वर्षं दोघं एकत्र होते. दादा डावीकडे, काडी उजवीकडे, मध्ये तीन मीटर हवा. काडी शिंकणार असला की दादाला आधी कळायचं.

मागच्या वर्षी दादा सत्त्याण्णव भरला होता. या वर्षी, काट्याला तीन महिने असताना, घरच्या काट्याने अठ्ठ्याण्णव दाखवलं. दादाच्या पोटात गोळा आला. त्या गोळ्याचंही वजन धरलं असावं, अशी त्याला शंका आली.

त्याच आठवड्यात त्याला अकराव्या मजल्यावर उपाय सापडला.

अकराव्या मजल्यावर एका आहारतज्ज्ञ बाईंचं ऑफिस होतं. त्यांची वेळ मिळायला लोकांना दोन-दोन महिने थांबावं लागे. दादाची आणि त्यांची दर पंधरा दिवसांनी भेट व्हायची. मध्ये फक्त काच असायची. त्या काचेवर या वेळी आतून एक नवं पारदर्शक रंगीत चित्र चिकटवलेलं होतं. तीन ताटल्या. अक्षर एकही नाही. दादाने हातातलं फडकं थांबवून ते डावीकडून उजवीकडे वाचलं, जसं कुणीही शहाणा माणूस वाचेल. पहिली ताटली लहान, तिच्यात दोन पानं आणि एक फोड. दुसरी मध्यम. तिसरी मोठी, शिगोशीग भरलेली.

"सकाळी चिमूटभर, दुपारी बेताचं, रात्री पोटभर," दादा म्हणाला. "बघ, शिकलेल्या माणसांचं कसं सोपं असतं."

"माझं त्याहून सोपं आहे," काडी म्हणाला. "भूक लागली की खायचं."

"तुला वजन नाही म्हणून अक्कल नाही."

त्या रात्रीपासून दादाचं शास्त्र सुरू झालं. बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची आणि शिवणयंत्र रात्री साडेनऊला बंद करायची. त्यानंतर दोघं जेवायला बसत. दादा भाताचा ढीग, बटाटे, अंडी, वर वाटीभर काहीतरी गोड, असं चित्राबरहुकूम संपवायचा आणि लगेच आडवा व्हायचा.

"याला डाएट म्हणतात?" बायकोने विचारलं.

"तज्ज्ञांच्या काचेवर आहे."

"तज्ज्ञांच्या घरी रात्री एवढी भांडी कोण घासतं, ते पण काचेवर आहे का?"

दोन वाजता छातीत जळजळ व्हायची आणि तो उठून बसायचा. पाच वाजता उठायची वेळ व्हायची तेव्हा अंग शिशाचं झालेलं असायचं. सकाळी भूक म्हणून नसायचीच, त्यामुळे लहान ताटली अगदी सहज संपायची. हाच शास्त्राचा पुरावा, असं त्याला वाटलं. दहा-साडेदहाला पाळण्यात डोळे मिटू लागायचे. घरचा काटा मात्र चढत होता. नव्व्याण्णव. शंभर. एकशे एक पॉइंट चार.

दादाने शांतपणे विचार केला आणि चूक स्वतःचीच आहे या निष्कर्षावर आला. सकाळची ताटली पुरेशी लहान नसणार. मग त्याने दोन पानांतलं एक कमी केलं. शेवटच्या आठवड्यात सकाळचं आणि दुपारचं जेवण पूर्ण बंद केलं. वजनाच्या आदल्या रात्री मोठी ताटलीही बाजूला सारली. बायकोने नुसतं शिवणयंत्र पुन्हा सुरू केलं आणि बारापर्यंत चालवलं.

वजनाच्या दिवशी सकाळी घरच्या काट्याने नव्व्याण्णव पॉइंट आठ दाखवलं. दादा चार वेळा चढला, चार वेगवेगळ्या फरश्यांवर. आकडा तोच. काटा संध्याकाळी चार वाजता होता. दोनशे ग्रॅम हातात होते.

"पाणी तरी पी," बायको म्हणाली.

"पाण्याला वजन असतं."

*

दुपारी दीडला ते अकराव्या मजल्यावर पोचले आणि मोटारी थांबल्या.

आवाज बंद झाला की आधी शांतता येते, मग वारा ऐकू येतो. काडीने बटण तीनदा दाबलं. वॉकीवर मुकादम म्हणाला, "गच्चीवरची लाइट गेलीय. आतून काहीतरी जळलंय. दुरुस्तीवाला तासाभरात येईल म्हणतो, म्हणजे तीन तास धरा. वारा चढतोय. थांबू नका, हाताने उतरा."

हाताने उतरणं म्हणजे प्रत्येक मोटारीला एक दांडा असतो, तो उचलून धरला की ब्रेक सैल होतो आणि ती बाजू सावकाश खाली सरकते. सोडला की बाजू जागच्या जागी थांबते. दोन टोकांच्या दोन माणसांनी एकाच वेळी दांडा उचलायचा आणि एकाच वेळी सोडायचा. एकाने आधी सोडला तर त्याची बाजू वर अडकते आणि दुसऱ्याची खाली जात राहते. दादा आणि काडीने हे सरावात शंभर वेळा केलं होतं. खऱ्या गरजेला एकदाही नाही.

"एक, दोन, उचल," दादा म्हणाला.

पाळणा गुळगुळीत सरकला. वीतभर. आणखी वीतभर. मग दादाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले, काच पांढरी झाली, आणि दांडा त्याच्या बोटांतून निसटला.

तो शुद्धीवर आला तेव्हा कठड्याला मिठी मारून उभा होता. किती वेळ गेला होता? एखादा सेकंद. पण पाळणा तिरका झाला होता. पाण्याचा कॅन घसरत उजव्या टोकाला गेला होता आणि तिथे, दादापेक्षा हातभर खाली, काडी दांडा सोडून दोन्ही हातांनी दोर धरून होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"दादा," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, आणि त्यानेच दादाला जास्त भीती वाटली. "काय झालं?"

"काही नाही. हात घसरला."

"तुझा हात घसरत नाही. अकरा वर्षांत नाही घसरला. तू शेवटचं कधी खाल्लंस?"

दादाने खाली पाहिलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला जमीन दिसली. ती फार लांब होती आणि अजिबात हलत नव्हती. त्याने कठडा आणखी घट्ट धरला. आपली बोटं थरथरत आहेत हे त्याला कठड्याच्या आवाजावरून कळलं.

"काल दुपारी? काल सकाळी?" काडीने विचारलं.

"परवा रात्री."

काडीने डोळे मिटून घेतले. मग एका हाताने दोर न सोडता दुसरा हात फडक्यांच्या पिशवीत घातला आणि तळातून बिस्किटांचा पुडा काढला. पाळण्यात खाणं न्यायला सक्त मनाई होती. काडीने हा नियम अकरा वर्षं रोज मोडला होता.

"खा."

"चार वाजता वजन आहे."

"दादा."

"नव्व्याण्णव पॉइंट आठ आहे. दोनशे ग्रॅम आहेत माझ्याकडे."

"हा पुडा शंभर ग्रॅमचा आहे. लिहिलंय वर. शंभर उरतील." काडी थांबला. "आणि काट्यावर चढायला आधी जमिनीवर पोचावं लागतं. तेही उभं."

वाऱ्याने पाळणा काचेवर आपटला. दादाने पुडा घेतला. पहिलं बिस्कीट तोंडात भिजेना. घसा कोरडा पडला होता. काडीने बाटली पुढे केली. अर्धा लिटर. दादाने बाटलीकडे पाहिलं, मनात बेरीज केली, आणि ती बेरीज करताना त्याला स्वतःचीच किळस आली. त्याने बाटली रिकामी केली.

"आता दहा मिनिटं बसायचं," काडी म्हणाला. "हात थांबेपर्यंत."

ते बसले. म्हणजे एक उंचावर बसला आणि एक खाली. तेवढ्यात काचेमागे हालचाल झाली. आहारतज्ज्ञ बाई समोर उभ्या होत्या. तिरका पाळणा आणि त्यात बिस्किटं खाणारा पांढराफटक माणूस पाहून त्यांचा हात तोंडावर गेला होता.

काच जाड होती. आवाज जात नव्हता. दादाला काय वाटलं कोण जाणे, कदाचित गुन्हा पकडल्यासारखं वाटलं असेल. त्याने पुडा मागे लपवला आणि आपण नियमाने वागतो हे दाखवायला बोटाने ताटल्या दाखवल्या. ही लहान, ही मध्यम, ही मोठी. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. अगदी असंच.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मान जोरजोरात हलवली. त्या सरकून मोठ्या ताटलीपाशी गेल्या, तिच्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने सूर्य वर येताना दाखवला. मध्यम ताटलीवर बोट, आणि सूर्य डोक्यावर. शेवटी लहान ताटलीपाशी आल्या, आणि दोन्ही तळवे गालाखाली ठेवून डोळे मिटले.

दादा बघत राहिला.

बाईंच्या डाव्या हाताला जी ताटली होती, ती त्याच्या उजव्या हाताला होती. त्या आतून वाचत होत्या. सगळं जग आतून वाचत होतं. चित्राच्या मागच्या बाजूला फक्त आकाश होतं, कबुतरं होती, आणि तो होता.

मग त्याने लपवलेला पुडा पुढे आणला आणि उरलेली बिस्किटं संपवली.

"दादा," काडी म्हणाला. "आपण काचेच्या कुठल्या बाजूला असतो?"

"गप्प बस."

"नाही, एकोणीस वर्षं झाली तुला, म्हणून विचारलं."

"काडी, गप्प बस."

काडी हसला नाही. त्याच्या बाजूच्या दोराकडे तो सारखा बघत होता.

दादाने हात समोर धरून पाहिले. थरथर कमी झाली होती, गेली नव्हती. काडीला वर आणणं शक्य नव्हतं. दादाला एकट्यालाच काडीच्या पातळीपर्यंत खाली यावं लागणार होतं. त्याने दांडा धरला. आता मात्र त्याला नीट माहीत होतं की पुढे दोघं मिळून उतरताना हात सुटला तर तो स्वतः पडणार नाही. त्याची बाजू थांबेल. खाली जाईल तो काडी.

"मी येतो तुझ्यापर्यंत," तो म्हणाला. "तू हात लावू नकोस."

पाळणा कुरकुरत सरळ झाला. कॅन परत मध्ये आला. बाई काचेला तळहात लावून उभ्या होत्या, जणू त्यांनीच पाळणा धरून ठेवला होता.

"एक, दोन, उचल. एक, दोन, सोड."

दहावा मजला. तिथे व्यायामशाळा होती आणि सात-आठ माणसं एका जागी धावत होती. कुणी बाहेर पाहिलं नाही. नवव्यावर एका टेबलाभोवती वाढदिवस चालला होता. एका माणसाने केकचा तुकडा तोंडाजवळ नेला, दादाशी त्याची नजरानजर झाली, आणि तुकडा तसाच राहिला. एक, दोन, उचल. आठव्यावर वाऱ्याने त्यांना भिंतीपासून हातभर लांब नेलं आणि परत आपटलं. दादाच्या तळव्यांना घाम सुटला होता. त्याने दांडा बोटांनी न धरता मनगट त्याखाली अडकवलं. मनगट सुजलं तरी सुटणार नव्हतं. एक, दोन, सोड. सहाव्या मजल्यापासून तो मोठ्याने मोजत होता. चौथ्यावर त्याचा आवाज फाटला, तेव्हा काडी मोजू लागला.

जमीन लागली तेव्हा दोघांपैकी कुणीच पाळण्याबाहेर पाय टाकला नाही. मुकादम धावत आला. "झालं की," तो म्हणाला. "उगाच घाबरलात." त्याच्या स्वतःच्या शर्टाची बटणं चुकीच्या काजांत गेली होती.

*

चार वाजता मुकादमाने टॉवेल उलगडला.

दादा बूट काढून, पट्टा काढून, खिशातलं फडकं काढून काट्यावर चढला. आकडा डळमळला आणि थांबला. शंभर पॉइंट तीन.

खोलीत तिघंच होते. मुकादमाने आकड्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"काटा जुना झालाय," तो म्हणाला. "मी नव्व्याण्णव लिहितो. उद्यापासून डावी बाजू कोण धरणार, मला सांग? माणूस आहे का माझ्याकडे?"

दादाने काडीकडे पाहिलं. काडी भिंतीला टेकून होता आणि त्याने मान किंचित हलवली. हो म्हण.

हो म्हणणं फार सोपं होतं. आत्तापर्यंत दादा फक्त काट्याला भ्यायला होता, आणि काटा चक्क माफ करायला तयार होता. पण मनगटावर दांड्याचा लाल वळ उठला होता आणि त्या वळाकडे बघताना त्याला काडीचा चुन्यासारखा चेहरा दिसत होता, हातभर खाली.

"शंभर पॉइंट तीन लिहा," तो म्हणाला. "आणि खाली लिहा, पाळण्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. हात सुटला."

"अरे, हे लिहिलं तर तीन महिने तरी आत."

"लिहा."

बाहेर आल्यावर काडीने त्याला जिन्यापाशी गाठलं. मग म्हणाला, "कशाला? लिहू द्यायचं ना. काय बिघडलं असतं?"

"माझी बाजू थांबली असती," दादा म्हणाला. "तुझी नाही."

काडीने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. तो बराच जोरात होता.

*

आता दादा मत्स्यालयात असतो. सकाळी सहाला बायको त्याच्यापुढे मोठी ताटली ठेवते आणि संपेपर्यंत उठू देत नाही. रात्रीची ताटली संध्याकाळी सातलाच, लहान. त्यासाठी तिने शिवणयंत्र सातला बंद करायला सुरुवात केली. राहिलेले गणवेश ती सकाळी शिवते आणि त्याचं श्रेय दादाला देत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून समजावलं. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, पोटालाही असतं, सकाळी दुकान उघडतं आणि संध्याकाळी शटर ओढायला लागतं. बंद दुकानात माल टाकला की तो विकला जात नाही, साठतो. दादाने ते नीट ऐकून घेतलं. काचेवरचं चित्र उलट वाचता येतं हे त्याने सांगितलं, तेव्हा बाई खरोखर ओशाळल्या.

"पण बाहेरून कोण बघणार, असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. नवीन चित्र छापायला दिलं आहे. अजून आलेलं नाही.

वजन अठ्ठ्याण्णव आहे. झोप सलग लागते. जळजळ नाही. फक्त भीती गेलेली नाही. पाळणा काचेवरून उतरताना दिसला की दादाचं फडकं थांबतं आणि तो नकळत मोजू लागतो.

काल तो अकराव्या मजल्यावर आतून काच पुसत होता. वरून आधी पाळण्याचा तळ आला, मग बूट, मग काडी. काडीने त्याला पाहून जीभ काढून दाखवली आणि तोंड फिरवून आपल्या टोकाची काच घासू लागला. दुसऱ्या टोकाला नवा जोडीदार होता. पंचेचाळिशीचा, रुंद, भला माणूस. पट्टा त्याच्या पोटावर शेवटच्या भोकापर्यंत आला होता. नवा म्हणून त्याच्यासाठी काटा पुढच्या महिन्यात मुद्दाम बाहेर निघणार आहे, हे दादाला माहीत होतं.

नव्या माणसाने फडकं फिरवलं आणि ते थांबवलं. त्याने ताटल्यांकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. लहान. मध्यम. मोठी.

दादाने काचेवर हात आपटला. मान हलवली. उलट बोट दाखवलं, सूर्य दाखवला, गालाखाली तळवे ठेवले.

नव्या माणसाला वाटलं, डाग राहिलाय. त्याने ओशाळून मान डोलावली आणि ती जागा जोर लावून पुन्हा पुसली. मग काडीकडे वळून काहीतरी सांगितलं, दोघांनी बटणं दाबली, आणि पाळणा काचेखाली जाऊ लागला.

दादा फडकं टाकून लिफ्टकडे पळाला. खाली गाठून सांगितलं की झालं. पण लिफ्ट तिसाव्या मजल्यावर होती, आणि तो उभ्या उभ्या मोजत होता.